खालकर सरांचं पान सात

रंगनाथ खालकर या माणसाबद्दल मला फार थोडं माहीत आहे. सायखेड्याचे, घरची गोदाकाठची शेती, मानसशास्त्र शिकवायचे, चहात साखर कमी लागायची आणि डाव्या हाताने लिहायचे. एवढं खात्रीने सांगता येतं. बाकीचं मी लांबून पाहिलेलं आहे, काही अंदाजाने धरलेलं आहे आणि उरलेलं माझ्याच चुकीतून कळलेलं आहे. चौदा वर्षांची ओळख, पण त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही त्यांच्या दहाव्याला. त्यांच्याविषयी लिहायचा अधिकार मला आहे का, हे मला ठाऊक नाही. लिहायची सवयही नाही. जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं टाईप केलं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी टायपिस्ट होतो. घर मखमलाबादला, फुलांचा मळा. वडील शेवंतीच्या पाट्या घेऊन फुलबाजारात जायचे. मला लहानपणी दम्याचा त्रास होता, पाटी उचलवत नसे, म्हणून मला टायपिंगच्या क्लासला घातलं. कॉलेजात जिन्याखाली माझी खोली होती. टाईपरायटर, सायक्लोस्टाईलचं मशीन आणि कपाटं. प्राध्यापक नोट्स हाताने लिहून आणत. मी त्या मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाईप करायचो, स्टेन्सिल मशीनच्या रुळावर चढवायची, शाई द्यायची आणि हँडल फिरवायचं. शंभर मुलं असली तर शंभर प्रती. काम झालं की स्टेन्सिल टाकून द्यायची नाही. जुन्या वर्तमानपत्रांत घालून ठेवायची, पुढच्या वर्षी तीच पुन्हा चालते.

माझी तिथे थोडी ख्याती होती. मी नुसतं टाईप करत नसे, तपासत असे. सगळ्या विषयांची नेमलेली पुस्तकं माझ्या खणात असायची. इतिहासाच्या सरांनी एका तहाचं साल चुकवलं होतं, ते मी पुस्तकावरून दुरुस्त केलं. पेपर तपासणारे पुस्तकाप्रमाणे मार्क देतात, तेव्हा नोट्स पुस्तकापासून हलता कामा नयेत, असा माझा हिशोब. बदल केला की मी त्या त्या प्राध्यापकांना सांगायचो आणि ते म्हणायचे, "जेजुरकरांच्या हातून गेलं म्हणजे तपासलेलंच." मला त्याचा अभिमान होता.

खालकर सर १९९२ च्या जूनमध्ये आमच्याकडे आले. वय पस्तिशीचं, अंगाने सडपातळ, लग्न झालेलं नाही. हे शेवटचं स्टाफरूमला फार पुरलं. मी कागद घेऊन जायचो तेव्हा कानावर यायचं.

"काय खालकर, यंदा तरी बार उडवायचा का? सायखेड्याचा मळा आहे, नोकरी पक्की आहे, आता काय हुंड्यात हेलिकॉप्टर पाहिजे?" हे त्यांचे विभागप्रमुख. मनाने वाईट नव्हते, पण हशा मिळाल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"अहो, यांना मुलगी पसंत पडत नाही की मुलीला हे?" दुसरं कोणीतरी.

"बघू, बघू," म्हणून सरही हसायचे.

एके दिवशी ते डबा घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "भाऊ, इथे जेवलो तर चालेल का? तिथे भाकरीबरोबर माझं लग्न पण वाढतात."

मी स्टूल पुसून दिलं. कॉलेजात मला सगळे जेजुरकर म्हणत, भाऊ ते एकटेच म्हणत. त्या दिवसापासून आम्ही जिन्याखाली जेवायला लागलो. बोलणं फार नसायचं. ते सायखेड्याच्या वांग्यांची स्तुती करायचे, मी मखमलाबादच्या मेथीची. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही त्यांना.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. दर शनिवारी तासाच्या शेवटी ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवत. मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, नाव लिहायचं नाही. सर एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचत आणि उत्तर देत. झोप येत नाही, वडील मारतात, परीक्षेत हात थरथरतो, असलं काहीही. आमच्या कॉलेजात खेड्यांतून येणारी मुलं पुष्कळ. ती तोंडाने काही विचारत नसत, पण चिठ्ठीवर विचारत. तास संपला की सर तो डबा माझ्याच खोलीत आणून ठेवायचे.

तृतीय वर्षाला अपसामान्य मानसशास्त्र म्हणून एक पेपर होता. त्यात लैंगिक विकृतींचं एक प्रकरण. १९९४ साली ते सरांकडे आलं. मी काही कामाने स्टाफरूमच्या दारात होतो, तेव्हा विभागप्रमुख त्यांना सांगत होते, "ते प्रकरण मी पंधरा वर्षं कसं शिकवतो, सांगू? मुलींना लायब्ररीत पाठवायचं. पोरांना म्हणायचं, नावं पाठ करा, करून बघू नका. पाच मिनिटांत संपतं."

सगळे हसले. दारात उभा राहून मीही हसलो. सरांनी मान वळवली आणि त्यांना मी हसताना दिसलो. त्यांची ती नजर मला अजून दिसते. रागाची नव्हती. एखादी गोष्ट मनात टिपून ठेवावी तशी होती.

त्या सप्टेंबरात त्यांनी या प्रकरणाच्या नोट्स आणून दिल्या. हाताने लिहिलेली अकरा पानं, डाव्या हाताने शाई पुसटलेली. नेहमीसारखं म्हणाले, "एकदा वाचून घ्या भाऊ." स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचायची त्यांना सवय नव्हती. छापलेल्या नोट्सही ते पाहत नसत, वर्गात वाटून टाकत. तपासायला मी होतो.

सहा पानं सरळ गेली. सातव्या पानावर माझी बोटं थांबली. ते पान मला अजून पाठ आहे.

"समलिंगी आकर्षण हा आजार नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली ते विकारांच्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेनेही आता काढले आहे. आपल्या पुस्तकांत ते अजून आहे, कारण पुस्तके उशिरा बदलतात. ज्यांना असे आकर्षण वाटते त्यांनी औषध शोधू नये. अशी माणसे आपल्या गावात, आपल्या घरात आणि वर्गातल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना असतात. ती पूर्वीपासून आहेत आणि निरोगी आहेत."

मी खणातून पुस्तक काढलं. पुस्तकात ते विकृतींच्या यादीत पाचव्या क्रमांकावर होतं. मी पुन्हा सरांचं पान वाचलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना, या शब्दांपाशी माझे कान गरम झाले. खोलीत कोणी नव्हतं तरी मी उठून दार लोटून घेतलं.

मग मी सातव्या पानावर पुस्तकातला मजकूर टाईप केला. "समलिंगी कामुकता ही लैंगिक विकृती असून योग्य उपचारांनी ती बरी होऊ शकते," इथून सुरुवात करून चार परिच्छेद. पान बरोबर भरलं, आठव्या पानाचा सांधाही जुळला. मला त्यातल्या कारागिरीचं थोडं समाधानही वाटलं, हे कबूल करतो.

का केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मुलांचे मार्क जाऊ नयेत म्हणून, हे एक उत्तर. सरांचं नाव खराब होऊ नये म्हणून, हे दुसरं. अशी माणसं निरोगी आहेत, हे टाईप करायची मला लाज वाटली, हे तिसरं. यांतलं खरं कोणतं ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की बदल केला की मी प्राध्यापकांना सांगायचो, आणि त्या दिवशी सांगितलं नाही. मूळ कागद त्यांना परत दिले, बेचाळीस प्रती दिल्या, आणि ते म्हणाले, "भाऊ, उपकार झाले."

दोन आठवड्यांनी, सोमवारी, सर चिवड्याचा पुडा घेऊन आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दार त्यांनीच लोटून घेतलं, चिठ्ठ्यांचा डबा उघडला आणि त्यातल्या दोन माझ्यासमोर ठेवल्या.

पहिली ऑगस्टमधली होती. वहीच्या पानाचा तुकडा, अक्षर बारीक आणि उजवीकडे कललेलं. "सर, मला मुलींविषयी काही वाटत नाही, मुलांविषयी वाटतं. पुस्तकात हा आजार लिहिला आहे. नाशिकमध्ये याचं औषध कोण देतं? कृपया वर्गात वाचू नका."

"वाचू नका म्हणाला," सर म्हणाले. "आणि कोण ते माहीत नाही. मग उत्तर द्यायचं कसं? तेव्हा सगळ्यांनाच दिलं. वर्गात एवढंच म्हणालो, एका प्रश्नाचं उत्तर नोट्सच्या पान सातवर आहे. आता ही बघा, परवाची."

तेच बारीक अक्षर. "पान सात वाचलं. उत्तर मिळालं. आता पुन्हा विचारणार नाही. आभारी आहे."

"नऊ वर्षं शिकवतोय, भाऊ," सर म्हणाले, "पण परवा पहिल्यांदा शिकवल्यासारखं वाटलं. घ्या, चिवडा घ्या ना."

मी घास घेतला होता. पुडा मी त्यांच्याकडे सरकवला. त्या मुलाने पान सातवर काय वाचलं ते फक्त मला माहीत होतं.

"सर," मी म्हणालो, "अक्षरावरून शोधता येईल. प्रवेशअर्ज माझ्याच कपाटात आहेत. बेचाळीसच तर मुलं, त्यांतले मुलगे सत्तावीस. तासाभराचं काम."

मला तो मुलगा सापडायला हवा होता. सरांच्या नकळत त्याला गाठून सांगायचं, ते पान खोटं आहे, सरांनी असं लिहिलंच नव्हतं.

सरांचा चेहरा बदलला. "नाही भाऊ. त्याने नाव लिहिलं नाही, म्हणजे आपण ते शोधायचं नाही. त्या डब्यावर माझी सगळी अब्रू आहे."

"सर..." मी पुन्हा म्हणालो.

"काय?"

"चिवडा तिखट आहे."

"तर्री टाकून खा," म्हणाले आणि हसत तासाला गेले.

मी त्या दुपारी प्रवेशअर्जांचा गठ्ठा खाली काढला. दोरी सोडली. मग पुन्हा बांधला आणि वर ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. सरांच्या शब्दाला मान दिला असं म्हणायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे मला भीती वाटली. नाव कळलं तर काहीतरी करावं लागलं असतं.

डिसेंबरात गैरहजेरीमुळे त्या वर्गातल्या तीन मुलांची नावं कमी झाली. दरवर्षी होतात. त्यांना पत्रं पाठवायचं काम माझंच. एकाला कुठेतरी नोकरी लागली होती, एकाचा बाप आजारी होता, तसं त्यांच्या घरून कळलं. तिसऱ्याचं पत्र परत आलं. समाधान आहेर, चांदवड तालुका. एका रविवारी बायकोला बाजाराचं निमित्त सांगून मी चांदवडला गेलो, तिथून टेम्पोने त्याच्या गावी. घराला कुलूप होतं. शेजारची एक बाई ओट्यावर कांद्याची मुळं कापत बसली होती.

"आहेरांचं कोणी नाही का?"

"मळ्यात ऱ्हायला गेले ते. तुमी कोन?"

"कॉलेजातून आलो. समाधानची चौकशी होती."

"त्यो नाय हितं. लय शांत पोरगं हो. दिवाळीपास्नं जेवत नव्हतं म्हनं. मालेगावकडं नेलाय कुठल्या डाक्टरकडं."

"कसला डॉक्टर?"

तिने विळा थांबवला. "डोक्याचा," म्हणाली. "आनि तुमी येवढं लांबून आलाय, काय फी राह्यली का त्याची?"

नाही म्हणालो आणि परत फिरलो. चिठ्ठ्या त्याच्याच होत्या असं मी म्हणत नाही. उरलेल्या सव्वीसांतला कोणीही असेल. परंतु तेव्हापासून कुठेही, रविवार कारंजावर, पंचवटीत, फुलबाजारात, विशीतला एखादा मुलगा घडी केलेला कागद वाचताना दिसला की माझी पावलं थांबतात. तो वर बघेल आणि विचारेल, पान सात तुम्हीच टाईप केलं ना? आता तो मुलगा छत्तीस-सदतीस वर्षांचा असेल. मला मात्र तो विशीतलाच दिसतो.

पुढच्या जुलैत नोट्स पुन्हा काढायच्या होत्या. मी वर्तमानपत्रांतून सातव्या पानाची स्टेन्सिल काढली, फाडली आणि नवी टाईप केली. सरांचे कागद समोर नव्हते, पण लागलेही नाहीत. शब्द न शब्द बसवला, टेबलाच्या दोन्ही बाजूंसकट. आता बरोबर झालं आहे, तर सांगायचं कशाला, असं मी मनाला समजावलं. सरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते पान पहिल्यापासून तसंच होतं आणि वर्षभरात कोणी काही बोललं नव्हतं.

फुटलं ते १९९६ च्या ऑक्टोबरात. सुवर्णा नावाची एक हुशार मुलगी होती. तिच्याकडे तिच्या मामेभावाच्या चौऱ्याण्णवच्या नोट्स होत्या, आणि नव्या होत्याच. खालकर सर रजेवर होते म्हणून विभागप्रमुख तास घेत होते. तिने उभं राहून विचारलं, "सर, दोन्हींत पान सात वेगळं आहे. परीक्षेत कुठलं लिहू?" बिचारीचा प्रश्न फक्त मार्कांचा होता. विभागप्रमुखांनी दोन्ही पानं मागून घेतली आणि तशीच प्राचार्यांकडे नेली.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, विभागप्रमुख, संस्थेचे एक संचालक आणि खालकर सर. पाचवा मी, कोपऱ्यात, बैठकीचा वृत्तांत टिपून घ्यायला.

संचालक द्राक्षबागायतदार, आवाज मोठा. त्यांनी चष्मा लावून नवं पान वाचलं आणि विचारलं, "प्रोफेसर, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना म्हणजे काय हो?"

"एका बाजूला विद्यार्थी असतो," सर म्हणाले. "दुसऱ्या बाजूला शिक्षक."

माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

विभागप्रमुखांनीच वाट काढली. "अहो, हे बघा. चौऱ्याण्णवचं पान पुस्तकाप्रमाणे आहे. म्हणजे खालकरांनी बरोबरच लिहिलं होतं. हे दुसरं मागाहून कुणीतरी घुसडलं. टायपिंगमधली गडबड असणार. खालकर, तुम्ही फक्त म्हणा, हे माझं नाही. विषय संपला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी नाही पाहिलं. ते म्हणाले, "कुठलं चौऱ्याण्णवचं पान?"

त्यांच्या हातात ते दिलं गेलं. छापलेलं पान वाचताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ते सावकाश वाचत होते. योग्य उपचारांनी, इथे आले असतील. मग खालपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. पान त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं, त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर वहीत घातली. त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी कळल्या असणार. पान कोणी बदललं, आणि त्या मुलाला कोणतं उत्तर मिळालं.

मी उठून बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. माझी तीस वर्षांची नोकरी झाली होती, फार तर मला ताकीद मिळाली असती. मी नवी पेन्सिल शोधत राहिलो.

"दोन्ही पानं माझीच आहेत," सर म्हणाले. "पहिलं लिहिताना मी भ्यालो होतो. दुसरं बरोबर आहे."

"नीट विचार करा," प्राचार्य म्हणाले.

"केलाय."

"जेजुरकर, घ्या लिहून."

मी लिहून घेतलं. संध्याकाळी टाईप केलं. या वेळी एक अक्षरही बदललं नाही. भीती माझी होती, ती त्यांच्या नावावर टाईप करून मी तीन प्रती काढल्या.

तो पेपर त्यांच्याकडून काढून घेतला. जूनमध्ये त्यांची संस्थेच्या देवळ्याच्या कॉलेजात बदली झाली, पहिल्या वर्षाला सामान्य मानसशास्त्र शिकवायला. मधले आठ महिने ते रोज माझ्या खोलीत जेवायला येत राहिले. आले नसते तर मला सोपं गेलं असतं. शनिवारचा डबा बंद झाला होता. रोज वाटायचं, आज विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. नोट्सचे कागद देताना ते पूर्वीसारखंच म्हणायचे, "एकदा वाचून घ्या भाऊ." त्यात टोमणा आहे का, म्हणून मी कान देऊन ऐकायचो. तो मला कधी सापडला नाही.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, असं लिहिताना ते स्वतःविषयी बोलत होते का, हे मला वाटतं मला कळलं होतं. पण त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा मी तेही लिहीत नाही.

मी १९९९ साली निवृत्त झालो. सर वर्षातून एकदोनदा पेपर तपासायला नाशिकला येत, तेव्हा बसस्टँडजवळ आम्ही चहा प्यायचो. २००६ च्या मार्चमध्ये देवळ्याला भाड्याच्या खोलीत त्यांचं हृदय बंद पडलं. एकोणपन्नास वर्षांचे होते. दहाव्याला मी सायखेड्याला गेलो. नदीवर विधी आटोपल्यावर त्यांचे धाकटे भाऊ भारत यांनी मला घरी नेलं. त्यांच्या आई, साळूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमी ते टायपिंगवाले भाऊ का?" त्यांनी विचारलं. "रंगू लय नाव काढायचा तुमचं. म्हनायचा, आई, भाऊच्या हातून चूक होत नाय."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना वाटलं, मला रडू आलं म्हणून.

भारत यांनी तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला. "दादाच्या सामानात होता. नुसत्या चिठ्ठ्या आहेत. तुमचं कॉलेजचं काही असंल तर बघा." त्या दोन चिठ्ठ्या त्यात आहेत. यंदाच्या जुलैत, २००९ मध्ये, दिल्लीच्या उच्च न्यायालयाने अशा माणसांना गुन्हेगार धरायचं नाही असं ठरवल्याची बातमी पेपरात आली. मी ती कापली. कोणाला द्यायची ते कळेना, म्हणून त्याच डब्यात ठेवली.

आमची शेवटची भेट ते जाण्याच्या महिनाभर आधीची, २००६ च्या फेब्रुवारीतली. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. सगळं एका कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. तोंडाने जमणार नाही, तर कागद हातात द्यायचा. तोच कागद पुढे वाढत वाढत आज एवढा झाला आहे.

सर वाळले होते. स्टँडच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले. चहा घेताना म्हणाले, "डबा पुन्हा सुरू केलाय, भाऊ. देवळ्याला."

"चिठ्ठ्या येतात का?"

"येतात की. कांद्याचे भाव कधी चढणार, हेच जास्त. मी मानसशास्त्रवाला, मला काय कळतंय!" हसले, आणि त्यांना खोकला आला. मग कपात बघत म्हणाले, "एखादी दुसरीही येते. आता मी उत्तर स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहितो."

माझा हात खिशात होता. कागद बोटांना लागत होता. मी म्हणालो, "सर, ते पान..."

"गाडी लागली वाटतं," ते म्हणाले आणि उठले. त्यांनी माझं ऐकलं नव्हतं की ऐकलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. सटाण्याची गाडी देवळ्यावरून जाते. ती फलाटाला लागलीच होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उन्हात उभा राहिलो.

"भाऊ, ऊन लागतंय, जा आता."

"सुटू दे गाडी."

"पुढच्या वेळी मळ्यातली मेथी आणा बरं का."

"आणतो. दोन जुड्या?"

"एकच पुरे. मला एकट्याला दोन कुठे लागतात."